जोडीदार गेल्यावर: तेराव्यानंतर पडणारे प्रश्न

दहाव्याला कावळा शिवला की नाही, याची चौकशी करायला माणसं खूप असतात. चौदाव्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना शेजारी कोणी नसतं. ज्यांचा नवरा किंवा बायको नुकतीच गेली आहे, त्यांना त्या चौदाव्या दिवसापासून पुढे जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. काही मनाचे आहेत, काही कागदपत्रांचे. प्रत्यक्षात ते वेगळे येत नाहीत, म्हणून इथेही वेगळे केलेले नाहीत.

तेरा दिवस मी धड रडलेही नाही. सगळे आपापल्या घरी गेल्यावर आता का कोसळल्यासारखं होतंय?

कारण ते तेरा दिवस तुमचे नव्हते. तिसऱ्या दिवशी राख सावडणं, मग दहावा, तेरावा, गोडाचं जेवण. रोज काहीतरी करायचं असतं आणि काय करायचं ते सांगणारं कोणीतरी असतं. शेजारपाजारचे, नातेवाईक कडू घास घेऊन येतात, चूल पेटवायची वेळ येत नाही. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं, मुस्लिम घरांत चाळीसावा आणि बाईसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत. रीत कुठलीही असो, माणसाला सुरुवातीला एकटं सोडायचं नाही, ही त्यामागची समज फार मोलाची आहे.

पण आलेल्या-गेलेल्यांना तीच हकीकत सांगण्यात, चादरी-गाद्या मोजण्यात आणि भटजींच्या यादीतलं सामान आणण्यात जे घडलं ते मनापर्यंत पोचतच नाही. पाहुणे गेले की ते पोचतं. त्यामुळे अनेकांना दुसरा-तिसरा महिना पहिल्यापेक्षा जड जातो. तुम्ही खचत चालला आहात असा याचा अर्थ नाही. तुमचं दुःख आत्ता सुरू झालंय, एवढंच.

दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे. मी कुठल्या टप्प्यावर आहे?

तो हिशोब सोडून द्या. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडले, आणि तेही स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. पायऱ्या चढल्यासारखं दुःख कोणाचंच उतरत नाही.

त्यापेक्षा १९९९ मध्ये श्ट्रोबे आणि शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जे मांडलं ते रोजच्या अनुभवाला जास्त जुळतं. माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत राहतो. एकीकडे गेलेल्याची ओढ, आठवण, रडणं. दुसरीकडे वीजबिल, बँक, गॅसचा नंबर, मुलांची फी. सकाळी बँकेत जाऊन केवायसी करून आलात, शिपायाशी दोन शब्द हसूनही बोललात, आणि दुपारी कपाटातून पंचा काढताना त्यांचा स्वेटर हाताला लागला तेव्हा तासभर उठता आलं नाही. यातलं सकाळचं वागणं खोटं आणि दुपारचं खरं असं काही नाही. दोन्ही त्याच दुःखाचा भाग आहेत आणि दोन्हींची गरज आहे. हसू आलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

संध्याकाळी सातला फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज येतो. मला वेड लागतंय का?

नाही. वेल्समधल्या ड्युई रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांशी बोलून याचाच अभ्यास केला. जवळपास निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना तो दिसला होता, काहींना आवाज आला होता. बहुतेकांनी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि अनेकांना त्याचा आधारच वाटत होता. चाळीस वर्षं सातच्या सुमारास कान ज्या आवाजाकडे लागलेले असतात, तो आवाज कान असे पटकन सोडत नाहीत. तुम्हाला तुमच्या श्रद्धेप्रमाणे त्याचा वेगळा अर्थ लावायचा असेल तर तोही लावा.

डॉक्टरांकडे जायचं ते आवाज तुम्हाला जिवाचं बरंवाईट करायला सांगत असेल तर. किंवा वयस्क माणूस एकाएकी दिवस-वार, ओळखीची माणसं विसरू लागलं तर. त्यामागे ताप, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं अशी साधी पण तातडीने बघायची कारणं असू शकतात.

जेवण जात नाही, झोप लागत नाही, छातीत भरून येतं. हे सगळं मनाचंच असेल ना?

मनामुळे असेल, पण होतंय शरीरात. जबर धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे, ताकोत्सुबो नावाचा. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त दिसतो. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकसारखी असतात, त्यामुळे घरच्या घरी फरक करता येत नाही. छातीत दुखलं, धाप लागली, घाम फुटला तर ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून आल्याचा चहा देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. रक्तदाबाची, साखरेची गोळी रोज हातावर ठेवणारं माणूसच गेलेलं असतं. डबीतले कप्पे रविवारी कोण भरायचं? ते भरणं आता मुलीने, सुनेने किंवा शेजाऱ्याने पहिले तीन-चार महिने तरी अंगावर घ्यावं. आणि झोपेसाठी मैत्रिणीने दिलेली गोळी किंवा ‘थोडीशी’ दारू, दोन्ही नको. डॉक्टरांना सांगा, ते तुमच्यासाठी काय योग्य ते बघतील.

सासरचे म्हणतात बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची. नाही म्हटलं तर चालेल का?

चालेल. ज्या बाईच्या आयुष्यात एवढं घडलंय, तिच्या अंगावर काय राहील आणि काय उतरेल हे दुसऱ्या कोणी ठरवू नये.

हा विचार काल-परवाचा नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून संप केला. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं त्यांनी तो खाली ठेवला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. घरात वाद निघाला तर हेरवाडचं नाव जरूर घ्या. ‘शहरातली थेरं’ हा आरोप तिथेच गळून पडतो.

प्रत्यक्षात मात्र हे त्या बाईला एकटीला झेपत नाही. तिची शुद्ध हरपलेली असते आणि चार बायका तिला न्हाणीकडे घेऊन निघालेल्या असतात. त्या क्षणी तिचा भाऊ, दीर, मुलगा, मोठी नणंद यांच्यापैकी कोणीतरी उभं राहून ‘आमच्याकडे हे होणार नाही’ एवढं एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं. ते आधी ठरवून ठेवा. एखादीला स्वतःलाच काही दिवस कुंकू लावावंसं वाटत नाही. तेही तिच्यावर सोडा. पुरोगामीपणाची सक्ती हीसुद्धा सक्तीच.

पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा. मुलीच्या लग्नात घाणा भरायला, हळद लावायला आईच पुढे असू द्या. माझं स्पष्ट मत आहे की तिला मांडवाच्या कोपऱ्यात बसवणाऱ्या रितीने तिच्या दुःखाला दरवर्षी नव्याने खपली काढली जाते.

दिराने कागद आणलेत. ‘वहिनी, फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो’ म्हणतात. करू का?

आत्ता नको. दीर सज्जन असले तरी नको. ‘माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही, वकिलांना दाखवून वर्षश्राद्धानंतर बघू’ असं सांगा. दुःखात असलेल्या माणसाने असं म्हणण्यात कोणाचाही अपमान नाही.

तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाने मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित जमिनीचं गणित वेगळं आणि गुंतागुंतीचं आहे, म्हणून तर वकील हवा.

आणखी एक गैरसमज भांडणं लावतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे किंवा फ्लॅट नॉमिनीच्या हातात येतो, पण वारसांचा हक्क त्यामुळे जात नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

ज्या गोष्टींना उशीर चालत नाही त्या मात्र थोड्याच आहेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते काम दवाखाना करतो, घरी झाला असेल तर घरच्यांना करावं लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. शेती असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या.

मग शांतपणे पासबुक उघडून बसा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, २ लाखांचा. २० रुपये कापले असतील तर तो अपघात विमा, अपघाती मृत्यूला तोही २ लाखांचा. बँकेने आपणहून सांगेपर्यंत थांबू नका, अर्ज लगेच द्या. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल आणि पगारातून पीएफ कापला जात असेल, तर त्यासोबत ७ लाखांपर्यंतचा विमा असतो आणि जोडीदाराला पेन्शनही मिळते. यातलं काहीच नसेल आणि घर चालवणं अवघड असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा.

त्यांचं एटीएम कार्ड आणि यूपीआय मात्र वापरू नका. घरखर्चासाठी काढले तरी नंतर इतर वारस त्यावर बोट ठेवू शकतात. रीतसर क्लेम करा.

आई गेल्यापासून बाबा बोलतच नाहीत. विचारलं की ‘मी ठीक आहे’ म्हणतात.

ते ठीक नसतील. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांकडे पाहिलं गेलं. बायको गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्के जास्त होतं. देश वेगळा, काळ वेगळा, पण आपल्याकडच्या त्या पिढीतल्या पुरुषाची अवस्था काही कमी बिकट नाही. नातेवाईक, शेजार, मुलीचा फोन, सगळं बायकोमार्फत चालायचं. फोन तिला यायचा आणि ती ‘घ्या, बोला जरा’ म्हणून त्यांच्याकडे द्यायची. ती गेली तशी ही सगळी वाटही बंद झाली.

म्हणून ‘कसे आहात’ विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. काहीतरी विचारा ज्याला उत्तर द्यावं लागेल. ‘आई साबुदाणा किती वेळ भिजवायची?’ त्यांना आठवत नसेल तर तेवढ्यावरून तिच्याबद्दल बोलणं सुरू होईल. डबा लावणं सोयीचं आहे, लावाच. पण कुकर लावायला, पोहे करायला त्यांना शिकवा. किती पाणी, किती शिट्ट्या हे कागदावर लिहून ओट्यावर चिकटवा. सत्तरीच्या माणसाला सुरुवातीला लाज वाटते. नंतर ‘आज मी पिठलं केलं’ असा फोन येतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांपैकी एकाला सांगून ठेवा की बाबा दोन दिवस दिसले नाहीत तर घरी डोकवा.

शेवटच्या महिन्यांत फार हाल झाले. गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी इतकी वाईट आहे का?

रात्री तीनदा कूस बदलायला उठणं, नळीतून पेज भरणं, पाठीची जखम पुसणं हे ज्यांनी केलंय त्यांच्यापैकी अनेकांना हे वाटतं, आणि कोणी बोलत नाही. त्यांची यातना संपावी असं तुम्हाला वाटत होतं. ते प्रेमातूनच येतं.

‘आधी दवाखान्यात नेलं असतं तर’ हा सल त्याहून चिवट असतो. आज तुम्हाला शेवट माहीत आहे. त्या दिवशी नव्हता. त्या दिवशी समोर होता एक माणूस, जो म्हणत होता ‘ॲसिडिटी आहे, सकाळी बघू’. फार टोचत असेल तर ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडे एकदा वेळ घेऊन जा आणि हाच प्रश्न विचारा. उत्तर काहीही येवो, रात्रभर तोच विचार उगाळण्यापेक्षा ते बरं.

लेकरू पाच वर्षांचं आहे. ‘पप्पा गावाला गेलेत’ असं सांगितलंय.

ते बदला. गावाला गेलेला माणूस परत येतो, मूल वाट बघत राहतं, आणि पुढे तुम्ही गावाला निघालात की घाबरतं. ‘पप्पा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत’ असं सोप्या शब्दांत सांगा. ‘झोपले’ असंही म्हणू नका, काही मुलं मग झोपायला घाबरतात. मूल पाच मिनिटं रडून खेळायला पळेल आणि आठवड्याने तेच पुन्हा विचारेल. तेव्हा तेच उत्तर पुन्हा द्या. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर लपवू नका.

कपडे, चष्मा, फोन कधी काढायचं?

कपड्यांना मुदत नाही. काही जण महिन्याभरात देऊन टाकतात, काहींची एक साडी दहा वर्षं कपाटात राहते. फक्त तुम्ही नसताना कोणी ‘तुला त्रास नको’ म्हणून आवरून टाकू नये, एवढं घरात सांगून ठेवा.

फोनची मात्र घाई आहे. रिचार्ज संपला की काही महिन्यांत नंबर बंद होतो, पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि व्हॉट्सॲपचं खातंही वापर नसेल तर पुसलं जातं. त्यांचे व्हॉइस मेसेज, फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग वेगळीकडे साठवून घ्या. ‘येताना कोथिंबीर आण’ एवढाच मेसेज असला तरी ठेवा.

मुलगा म्हणतो घर विकून पुण्याला ये.

राहायला जा, महिना-दोन महिने जा. घर मात्र वर्षभर विकू नका, शक्य असेल तर. ज्या गल्लीत भाजीवाला नावाने हाक मारतो, ती गल्ली सोडणं हे दुसरं जाणं असतं. दोन्ही एकाच वर्षात नको.

किती दिवस असं वाटणं ठीक, आणि मदत कधी घ्यायची?

वर्षभरात दुःख संपावं असा नियम नाही. पहिली दिवाळी, लग्नाचा वाढदिवस, पितृपक्षातली त्यांची तिथी, वर्षश्राद्ध या दिवसांत पुन्हा तितकंच तीव्र होईल. पण साधारण सहा महिन्यांनंतर आठवणीच्या लाटांच्या मधे थोडी मोकळी जागा मिळू लागते. ती अजिबातच मिळत नसेल, रोज बहुतेक वेळ तीच तीव्र ओढ असेल, कामधंदा, आंघोळ-जेवण, माणसं सगळं सुटलं असेल तर ते दुःख अडकलेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ११व्या रोगवर्गीकरणात याची दीर्घ शोकविकार म्हणून नोंद आहे आणि तिथेही किमान सहा महिन्यांचीच अट आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ प्रौढांसाठी वर्षाची धरतात. त्यावर खास समुपदेशन असतं आणि त्याचा उपयोग होतो.

‘मलाही न्या’ असं रागा-दुःखात अनेक जण म्हणतात. पण जीव देण्याचा विचार मनात घोळत असेल, कसं-कधी हे ठरत असेल, तर सहा महिने थांबायचं नाही, आज बोलायचं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लगेचचा धोका वाटला तर ११२. घरात साठलेल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

पुन्हा कोणाची सोबत असावीसं वाटलं तर?

तर ती शोधा. पहिल्यावरचं प्रेम त्याने कमी होत नाही. मुलांना वेळ द्या, पण परवानगी मागत बसू नका. व्यवहाराचं एकच बघा: पीएफची विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर बंद होते, इतर कुटुंब निवृत्तिवेतनांचे नियम वेगवेगळे आहेत. निर्णयाआधी पेन्शन कार्यालयात विचारून घ्या.

आम्ही शेजारी आहोत. त्यांच्याकडे जाऊन काय बोलावं ते कळत नाही.

‘सुटले बिचारे’, ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’, ‘मुलांकडे बघून सावरा’ हे सोडून काहीही. गेलेल्याचं नाव घ्या. ‘नाना आमच्या मुलाला सायकल शिकवायचे’ असं काही तुमच्याकडे असेल तर ते सांगा. त्या घरात आता नानांबद्दल नवं काही कळण्याचा तोच एक मार्ग उरलेला असतो. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘मी गुरुवारी बाजारात चाललेय, तुमची भाजी आणते, आणि येताय का सोबत?’ असं विचारा.

आणि तेराव्याला गर्दी असते, तेव्हा नाही गेलात तरी चालेल. दुसऱ्या महिन्यात जा. नाही म्हणाल्या तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा विचारा.